अक्का, जरा फिरून ये

शुक्रवार, ९ ऑक्टोबर १९५३

ही वही बाळूनं आणून दिली. म्हणाला, "अक्का, रोज फिरून आल्यावर काय काय बघितलंस ते हिच्यात लिहीत जा."

परवा शाळेचा जिना चढताना मला धाप लागली. घरी बोलले तर बाळू त्याच संध्याकाळी डॉक्टरांना भेटून आला. सकाळ-संध्याकाळ मोकळ्या हवेत फिरू दे, दोन महिने तरी, असं त्यांनी सांगितलं म्हणे. धाकटा भाऊ आपली इतकी काळजी करतो, हे लिहून ठेवावंसं वाटलं. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी अठराची. त्याच वर्षी मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. आता तो कचेरीत कारकून आहे, आणि माझ्या डोक्यावर चांदी दिसायला लागलीय.

आजच्या फिरण्याचं असं, की फार लांब गेलेच नाही. गल्लीच्या तोंडाशी बुचाची पाच झाडं आहेत. पंधरा वर्षं त्यांच्याखालून शाळेला जाते, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. शेंड्याला घोस लागलेत. खाली चार-सहाच फुलं पडली होती. लांब देठाची, पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली. एक उचलून घरी आणलं. दुपारपर्यंत ते पिवळं पडलं. एवढंच आयुष्य त्याचं.

सोमवार, १२ ऑक्टोबर

रंकाळ्यापर्यंत गेले. तळं काठोकाठ भरलंय. पाऊस गेल्यावर पाण्याला असा निळा रंग येतो हे मला कुणी सांगितलं असतं तर मी वर्गात मुलींना सांगितलं असतं. पलीकडच्या बांधावर तेरडा आणि कुर्डू, त्यावर चतुर भिरभिरत होते. एक म्हातारा म्हशी धूत होता. मी थांबून बघत राहिले तसा म्हणाला, "काय हरवलंय का बाई?" मी म्हटलं, "न्हाय, बघतीय नुसती." त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

साडेआठला परत आले तर बाळू दारातच उभा. म्हणाला, "इतक्या लवकर? डॉक्टरांनी दोन तास सांगितलंय अक्का. नऊच्या आत येत जाऊ नकोस." त्याच्यामागं बाहेरच्या खोलीत आई बाकाची जागा बदलत होती.

शेजारच्या शिवगंगाकाकू रांगोळी घालत होत्या. त्या मूळच्या संकेश्वराकडच्या, बोलतात मोठ्यानं आणि तोंडावर. "काय यव्वा, तुला घराबाहेर काढलं का काय?" मी हसले. डॉक्टरांचं सांगितलं.  त्यांनी रांगोळीचा चुकलेला एक ठिपका पुसून पुन्हा काढला.

शनिवार, १७ ऑक्टोबर. दसरा

बाळू सोनं द्यायला वाकला, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आई म्हणाली, "तू आता लांब बाह्यांचं पोलकं घालत जा की. थंडी पडाय लागलीया." थंडी कुठं आहे अजून. पण तिचं म्हणणं मला कळलं. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत आणि ओठाच्या एका कडेला पांढरे डाग आहेत. पंधराव्या वर्षी आले. कोड म्हणतात लोक. लागट नसतं, दुखत नाही, खुपत नाही. त्याच्यापायी माझं लग्न जमलं नाही, एवढंच. पहिल्या वर्षी शाळेत एका पालकानं तक्रार केली होती, हेडमास्तरीणबाईंनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. त्यानंतर मीही विसरले आणि लोकही विसरले.

भिंतीवरचा माझा ट्रेनिंग कॉलेजातला फोटो काढून ठेवलाय. चुना द्यायचाय म्हणे दिवाळीआधी.

बुचाखाली आता सडा पडतो. सकाळी झाडलोट व्हायच्या आत गेलं तर पाऊल ठेवायला जागा नसते. मी कडेकडेनं चालते. मुली आल्या होत्या, दोरा न घेता देठाला देठ अडकवून वेणी करत होत्या. मला येत नव्हतं. सातवीतल्या सुशीनं शिकवलं. "बाई, तुमचं सैल होतंय, ओढून घ्या." आपल्याच विद्यार्थिनीकडून शिकताना मजा वाटली.

मंगळवार, २० ऑक्टोबर

शाळेतून येताना डॉक्टर सायकलवरून जाताना दिसले. मी थांबवून म्हटलं, तुमच्यामुळं माझा शरद ऋतू बघून झाला. ते म्हणाले, "माझ्यामुळं?" मी धापेचं, फिरण्याचं सांगितलं. ते जरा आठवल्यासारखं करून म्हणाले, "बाळासो आले होते खरे, पण आईंच्या गुडघ्याचं औषध न्यायला. असू दे, फिरणं वाईट नाहीच."

माणसाला दिवसाला शंभर रोगी. त्यांच्या लक्षात राहिलं नसणार.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज राधानगरी बघितलं. बाळूनंच ठरवलं. आमच्या शाळेतल्या दोघी-तिघी धरण बघायला जाणार होत्या, मी कंटाळा करत होते, तर त्यानं माझं तिकीटच काढून आणलं. "आयुष्यात कधी गेलीस का कुठं? जा की अक्का."

बरं झालं गेले. वाटेत सगळा भात पिकलेला. वाऱ्यानं एकदम कलायचा आणि एकदम उठायचा, वर्गातल्या मुली नमस्ते म्हणायला उठतात तसा. बांधावर पिवळी सोनकी. सोबतीण म्हणाली, पंधरा दिवसांनी या, यातलं काही नसेल, कापणी होईल. मला उगीच घाई झाल्यासारखं वाटलं. सगळं डोळ्यांत भरून घ्यावं आणि घरी जाऊन बाळूला सांगावं.

संध्याकाळी आले तर घरात शिऱ्याचा वास. ठेवणीतले पितळी पेले धुऊन पालथे घातलेले. आई म्हणाली, भजनाच्या बायका आल्या होत्या. माझ्या मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत बाहेरच्या खोलीतली माझी पुस्तकं आणि आईच्या खोलीतल्या माझ्या साड्या आणून ठेवल्या होत्या. "चुना देणार हाय न्हवं," आई म्हणाली.

शिवगंगाकाकूंनी कुंपणावरून विचारलं, "आलीस? तुमच्याकडं वडगावचं पाव्हणं आलतं की. टांगा उभा होता दोन तास." मी म्हटलं, भजनाच्या बायका होत्या काकू. त्या म्हणाल्या, "असतील. फेटा बांधून आलत्या."

काकूंच्या जिभेला हाड नाही.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

काकूंचं खरं होतं, आणि मी उगीच त्यांच्यावर चिडले. बाळूचं लग्न ठरलं. मुलगी पेठ वडगावची, पद्मजा नाव, सातवी पास. वडील आकाराम, गुळाची अडत आहे. मला आज सांगितलं. ठरेपर्यंत बोलायचं नव्हतं म्हणे, मागं एक जुळता जुळता मोडलं होतं, तू मनाला लावून घेतलं होतंस. खरंच घेतलं होतं. तेव्हा माझ्याच डागांवरून मोडलं असं मावशी बोलून गेली होती.

मी विचारलं, "मी कधी बघायची तिला?" आई म्हणाली, "लगीन तुळशीच्या लग्नानंतर. बघशील की तवा." बाळू भिंतीकडं बघत होता. लाजला असेल.

मी पेटी उघडून माझी जांभळी इरकल बाहेर काढली. कधी नेसलेच नव्हते. आज संध्याकाळी फिरताना प्रत्येक गोष्ट दुप्पट दिसत होती. बुचाचा वास दत्ताच्या देवळापर्यंत येत होता. मी वेणी केली, आता सैल होत नाही, आणि घरी आणून देवाला घातली. पुढच्या वर्षी दोन करीन.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सुट्टी लागलीय. सकाळी सात वाजता बुचाखाली दगडावर बसून वेणी करत होते. गल्लीतली मुलं मातीचा किल्ला करत होती. एक बाई आणि एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी फुलं वेचत आल्या. मुलगी सावळी, टपोऱ्या डोळ्यांची. माझ्या हातातली वेणी बघून म्हणाली, "दोरा न्हाय? कशी हो करता?" मी दाखवली. ती जवळ बसली. तिची आत्या इथं शुक्रवार पेठेत राहते, तिच्याकडं ती दिवाळीच्या बाजाराला आली आहे. मग हळूच म्हणाली, "फुलं काय, वडगावातबी मिळतात. कुणाला सांगू नका हं. ते तिसरं घर हाय न्हवं, ते बघायला आलो. लांबनंच."

तिसरं घर आमचं.  मी म्हणणार होते, अगं, मी तुझी नणंद. तेवढ्यात तीच म्हणाली, "तुम्ही ह्याच गल्लीतल्या का? मग त्यांच्या भाडेकरू बाईंना ओळखत असाल. मागच्या खोलीत मास्तरीण राहतात म्हणे. बिचाऱ्यांच्या हातावर..."

आणि ती थांबली. ती माझ्या हातांकडं बघत होती. लांब बाह्यांचं पोलकं मी वेणी करताना दुमडून वर घेतलं होतं.

"तुम्हीच का त्या?"

मी म्हटलं, "हो."

तिनं घाईघाईनं विचारलं, "माणसं चांगली आहेत ना हो?"

मी म्हटलं, "चांगली आहेत."

वेणी तिला दिली. तिनं तिथंच केसात माळली. त्या गेल्यावर मी किती वेळ बसले कुणास ठाऊक. मग नऊ वाजून गेल्यावर घरी आले. नऊच्या आत यायचं नव्हतं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

काल काही लिहिलं नाही. आज बाळू कचेरीतून आल्यावर आईसमोरच विचारलं.

"मी तुमच्याकडं भाडं किती देते?"

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. खाली बसला. आई चुलीपुढून म्हणाली, "कुणी सांगितलं? त्या शिवगंगीनं?"

"पद्मजानं सांगितलं."

बाळू म्हणाला, "अक्का, ऐकून घे. दोन ठिकाणी मोडलं. एक तर तुला कळूच दिलं नाही. लोक म्हणतात, रक्तात असतं, पोराबाळांत उतरतं. लग्न झाल्यावर सांगणार होतो. ती एकदा घरात आली, तुला बघितलं, तू कशी आहेस ते तिला कळलं, म्हणजे काही वाटलं नसतं."

"आणि लग्नात मी कुठं असणार होते?"

 आई म्हणाली, "तुझ्या शाळेची सहल जाणार हाय न्हवं, विजापूरला. तिच्यासंगं तू. तवाचाच मुहूर्त धरलाय."

म्हणजे तेही ठरलं होतं. राधानगरीसारखं.

मी म्हटलं, "बाळू, डॉक्टर माझ्याबद्दल काही बोलले होते का रे?"

"नाही."

"मग मला फिरायला का पाठवलंस?"

"पाव्हणे कधीही यायचे. चौकशीला कुणीतरी सारखं यायचं. तुला आत कोंडून ठेवायचं का? ते बरं दिसलं असतं? म्हटलं, त्यापेक्षा तिला चार दिवस मोकळं फिरू दे. तू खूष होतीस की अक्का. वही भरून लिहीत होतीस."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्यात त्याला माझं भलंच दिसत होतं. तिथंच मी हरले. मला खोलीत कोंडलं असतं तर मी दार वाजवलं असतं. यानं मला तळं दाखवलं, भात दाखवला, आणि मी घरी येऊन त्यालाच कौतुकानं सांगत बसले.

आता मागची पानं चाळली. प्रत्येक पानावर मी कुठं गेले होते ते आहे, आणि मी नव्हते तेव्हा घरात काय चाललं होतं तेही आहे. मीच लिहिलंय दोन्ही. फाडून टाकावंसं वाटलं. पण रंकाळ्याचं पाणी खरंच तसं होतं. त्यात बाळूचा काही हात नव्हता.

शनिवार, ७ नोव्हेंबर. पाडवा

दोन दिवस घराबाहेर पडले नाही. आई बोलत नाही. फराळाचं ताट खोलीच्या उंबऱ्यावर ठेवते, भाडेकरूला द्यावं तसं. शिवगंगाकाकू येऊन गेल्या. म्हणाल्या, "मला सगळं ठाऊक हुतं गं. सांगायचं धाडस झालं न्हाय. तू इतकी हसत जायचीस रोज." मग त्या डोळ्यांना पदर लावून रडल्या. मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या पोरीचा प्रश्न डोक्यातून जात नाही. माणसं चांगली आहेत ना हो? आणि मी होय म्हणाले. बाळू एक खोटं बोलला, मी दोन बोलले.

रविवार, ८ नोव्हेंबर. भाऊबीज

सकाळी आईनं पाट मांडला, निरांजन लावलं. बाळू अंघोळ करून बसला. जणू काही झालंच नाही. मी चप्पल घातली आणि एस्टी स्टँडवर गेले. वडगावची गाडी लगेच मिळाली.

आकाराम ओट्यावरच सुपारी कातरत बसले होते. मी बाह्या वर करूनच गेले. म्हटलं, "मी विमला. बाळासोची थोरली बहीण. भाडेकरू नाही."

ते उठून उभे राहिले. "बसा. उन्हातनं आलाय." पाणी मागवलं. मग म्हणाले, "बाई, मला पहिल्यापासनं ठाऊक हाय. सोयरीक करायची म्हंजे चौकशी करत्यातच की. तुमच्या शाळेत माझ्या मेहुण्याची पोरगी हाय."

मी विचारलं, "मग तुम्ही कसं चालवून घेतलंत?"

"डागाचं काय घेऊन बसलाय. माझ्या आईला हुतं, आम्ही सात भावंडं, एकालाबी न्हाय. त्याचं मला काय न्हाय. पर पोरगा म्हणाला, भाडेकरू. मी गप्प बसलो. म्हटलं, बघू किती दिवस म्हणतोय. घरात बी कुणाला सांगितलं न्हाय." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आता तुम्ही आलाच हाय तर तुम्हीच सांगा. तुम्ही त्याला वाढवलाय. पोरगी द्यावी का?"

कुणी मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "तो दारू पीत नाही, हात उगारत नाही, आईला सांभाळतो. पण लोकांपुढं उभं राहायची वेळ आली की तो बाजूला होतो. हे मला महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं. मला माहीतच नव्हतं."

पद्मजा दाराआड होती. पुढं आली. तिचे डोळे लाल होते. "त्या दिवशी मला हो का म्हणालात?"

"तो तुझ्यापुढं खोटा पडू नये म्हणून."

"आणि मी फसले असते तर?"

मी म्हटलं, "म्हणूनच आज आले." 

ती वडिलांकडं वळून म्हणाली, "अण्णा, त्यांनी इथं येऊन एवढंच सांगावं, की ही माझी बहीण हाय. तेवढं सांगितलं की मी करीन लग्न." आकाराम म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. माणसं गोळा करणार न्हाय. मी, ही आणि तो. एक वाक्य बोलावं आणि जेवून जावं."

तिच्या आईनं मला कुंकू लावलं, लाडू बांधून दिले. परत येताना उसाला तुरे फुटलेले दिसले, मावळतीकडं सगळं रूपेरी. एका गुऱ्हाळाची चूल पेटली होती, रसाचा वास गाडीत आला. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

बाळूला निरोप सांगितला. आई म्हणाली, "भावाचं घर मोडायला गेलतीस, भाऊबिजंला." बाळू तिला म्हणाला, "गप्प बस, आई." मला म्हणाला, "जातो मी अक्का. नक्की जातो." मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

सोमवार, १६ नोव्हेंबर

शाळा सुरू झाली. बाळू अजून गेला नाही. कचेरीत काम आहे म्हणतो.

बुचाचा बहर उतरला. सकाळी दहा-बारा फुलं असतात, तीही बारकी. सुशी म्हणाली, "बाई, आता वेणी होत नाही, देठ आखूड आलेत." आम्ही वर बघितलं. शेंड्याला दोन घोस राहिलेत.

शुक्रवार, २० नोव्हेंबर. पौर्णिमा

बाळूनं आज रजा काढली. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. आईनं हातावर दही ठेवलं. मी बुचापर्यंत सोडायला गेले. खाली एकही फूल नव्हतं. वारा गार होता आणि आभाळ अगदी धुतल्यासारखं. तो म्हणाला, "संध्याकाळी पेढे आणतो." मी म्हटलं, "पेढे नकोत. बोलून ये."

अकरा ते पाच शाळेत माझं लक्ष नव्हतं. तिसरीच्या मुलींना तेच शुद्धलेखन दोनदा घातलं.

घरी आले तर तो मागच्या दारी, माझ्या खोलीच्या पायरीवर बसला होता. सदरा काढून ठेवला होता. मी शेजारी बसले. आई आत काहीतरी कुटत होती.

"काय म्हणाले?"

"गेलो नाही."

"वडगावला?"

"वडगावला गेलो. त्यांच्याकडं गेलो नाही." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "गाडीत सगळं ठरवलं होतं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. उतरून चहा घेतला. समोर त्यांचा ओटा. आकारामअण्णा बसले होते. त्यांनी मला बघितलं, अक्का. हात पण केला, या म्हणून."

"मग?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"परतीची गाडी लागलेलीच होती," तो म्हणाला.